माफी कोणाची, माफी कशाची

१९९८ सालच्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या अतिउत्तरेकडून डेने आदिवासींची काही माणसं हिरोशिमाला आली. ग्रेट बेअर नावाच्या अवाढव्य सरोवराकाठी डेलिने हे त्यांचं गाव. त्याच सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर पोर्ट रेडियमची खाण होती. १९४२ पासून तिथलं युरेनियमचं खनिज अणुबॉम्ब बनवण्याच्या अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पासाठी जाऊ लागलं. गोणपाटाच्या पोत्यांत भरलेलं ते खनिज पाठीवरून वाहून बोटींवर चढवण्याचं काम डेने पुरुषांनी केलं. पोत्यांत काय आहे, ते कशासाठी चाललं आहे आणि त्यानं अंगाला काय होतं, यातलं काहीच त्यांना कोणी सांगितलं नाही. पुढे त्यांच्यातले कितीतरी जण कर्करोगानं गेले. आपण वाहिलेल्या खनिजाचं पुढे काय झालं हे कळल्यावर त्या लोकांनी ठरवलं, की आपल्या जमिनीतून निघालेल्या वस्तूचा वाटा ज्या संहारात आहे, त्याबद्दल तिथे जाऊन क्षमा मागायची. ते गेले आणि त्यांनी ती मागितली.

ज्यांचा दोष जवळपास काहीच नव्हता त्यांनी क्षमा मागितली. बॉम्ब कुठे, कधी आणि कोणावर टाकायचा हे ज्या सरकारनं ठरवलं, त्यानं आजपर्यंत मागितलेली नाही. थोरल्या जॉर्ज बुश यांनी १९९१ मध्ये आणि बिल क्लिंटन यांनी १९९५ मध्ये माफीची गरज नाही असं स्वच्छ सांगून टाकलं. २७ मे २०१६ रोजी बराक ओबामा हिरोशिमाला गेले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष. त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, मृतांचं स्मरण केलं, बॉम्बमधून वाचलेल्या एका वृद्धाला जवळ घेतलं; पण माफी मागितली जाणार नाही, हे ते निघण्यापूर्वीच जाहीर झालं होतं.

हा संग्रह त्या न मागितलेल्या माफीविषयी आहे. युद्धात अण्वस्त्र वापरणाऱ्या राष्ट्रानं क्षमा मागावी का, मागायची तर कोणाची, आणि मागितल्यानं नेमकं काय बदलेल, या प्रश्नांभोवती गेल्या ऐंशी वर्षांत जे बोललं आणि लिहिलं गेलं त्यातला मोलाचा भाग इथे मराठीत एकत्र आला आहे. त्यात लष्करी आदेश आहेत, शास्त्रज्ञांचे अर्ज आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत, वाचलेल्यांच्या जबान्या आहेत आणि इतिहासकारांचे वाद आहेत. प्रस्तावनाकारानं वाचकाला विषयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडावं आणि बाजूला व्हावं, असा संकेत आहे. पण या विषयाची प्रस्तावना तटस्थ राहून लिहिता येईल असं मला वाटत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगतो. माफी मागितली गेली पाहिजे. ती का, हे पुढे मांडतो.

आधी घडलं काय ते पाहू. ६ ऑगस्ट १९४५, सोमवार, सकाळचे सव्वाआठ. हिरोशिमाच्या भरवस्तीवर सुमारे सहाशे मीटर उंचीवर युरेनियमचा बॉम्ब फुटला. नेम धरला होता शहराच्या मध्यावरच्या आइओइ पुलावर. स्फोट झाला तो जवळच्याच शिमा रुग्णालयाच्या माथ्यावर. ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीच्या उराकामी खोऱ्यावर प्लुटोनियमचा बॉम्ब फुटला. त्या विमानाचं पहिलं लक्ष्य कोकुरा हे शहर होतं. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. १९४५ साल संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसं मेली, असा सर्वसाधारणपणे मान्य झालेला अंदाज आहे. मृतांत हजारो कोरियन होते. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती आणि तिथून आणलेली माणसं या शहरांतल्या कारखान्यांत राबत होती. हिरोशिमात कैदेत असलेले १२ अमेरिकी सैनिकही त्यातच गेले.

हिरोशिमाच्या संग्रहालयात एक जेवणाचा डबा ठेवलेला आहे. त्या उन्हाळ्यात शहरातली बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुलं घरं पाडण्याच्या कामावर लावली होती. आगीचे बॉम्ब पडले तर आग एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाऊ नये, म्हणून मध्ये मोकळे पट्टे काढायचे, असं ते काम. सकाळी आठ वाजता ही मुलं उघड्यावर कामाला उभी होती. त्यांतली सुमारे सहा हजार मेली. त्यांतल्याच एका तेरा वर्षांच्या मुलाचा देह तिसऱ्या दिवशी त्याच्या आईला सापडला. पोटाखाली डबा घट्ट धरलेला होता. आत बार्ली आणि सोयाबीन घालून शिजवलेला भात आणि बटाट्याची भाजी होती. सगळ्याचा कोळसा झाला होता. डबा अजून उघडलेला नव्हता. युद्ध कोणी सुरू केलं, बॉम्बमुळे किती जीव वाचले, रशियाचा त्यात वाटा किती, या वादांत शिरणाऱ्या प्रत्येकानं आधी या मुलांचा विचार करावा. आपलं शहर आगीपासून वाचावं म्हणून ती राबत होती.

आता बॉम्बचं समर्थन. ते ताकदीनं मांडलं जातं आणि तितक्याच गांभीर्यानं ऐकलं पाहिजे. १९४५ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत ओकिनावा बेटावर बारा हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक पडले. जपानी सैनिक आणि स्थानिक नागरिक यांच्या मृत्यूंचा आकडा दोन लाखांच्या घरात गेला. क्युशू बेटावर सैन्य उतरवण्याचा मुहूर्त १ नोव्हेंबरचा ठरला होता. तो हल्ला झाला असता तर ओकिनावाचंच दृश्य कितीतरी मोठ्या प्रमाणावर दिसलं असतं. इकडे चीनमध्ये, इंडोनेशियात, मलायात जपानी अमलाखाली रोज माणसं मरत होती. पॉट्सडॅमच्या २६ जुलैच्या जाहीरनाम्याला जपाननं होकार दिला नव्हता. हिरोशिमा बेचिराख झाल्यावरसुद्धा ९ ऑगस्टला जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी कोंडी होती. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी १९४७ मध्ये हे सगळं एका लेखात मांडलं आणि अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांनी ते जसंच्या तसं स्वीकारलं. ज्या तरुणांना क्युशूच्या किनाऱ्यावर उतरायचं होतं, त्यांना बॉम्बनं आपला जीव वाचवला असं वाटलं. त्या भावनेची टर उडवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण याच काळातली दुसरी कागदपत्रंही आहेत आणि ती अमेरिकेचीच आहेत. अमेरिकी सरकारनंच नेमलेल्या बॉम्बहल्ला सर्वेक्षण मंडळानं १९४६ मध्ये निष्कर्ष काढला, की बॉम्ब टाकला नसता, रशिया उतरला नसता आणि स्वारीचा बेतही नसता, तरी जपान वर्षअखेरीपर्यंत, आणि बहुधा १ नोव्हेंबरच्या आतच, शरण आला असता. शिकागोतल्या शास्त्रज्ञांच्या गटानं जूनमध्ये सुचवलं होतं, की आधी निर्जन जागी स्फोट करून दाखवावा. जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांनी सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज केला. अध्यक्षांचे लष्करी सल्लागार अ‍ॅडमिरल लीही यांनी पुढे आठवणींत बॉम्बच्या वापराचा धिक्कार केला. आणि ८ ऑगस्टला रशियानं युद्ध पुकारल्यामुळे, मध्यस्थीची उरलीसुरली आशा संपून, जपान खचला असं मानणारे इतिहासकार आज थोडे नाहीत.

दुसऱ्या बॉम्बकडे वाचकानं विशेष लक्ष द्यावं. त्यासाठी वेगळा निर्णय झालाच नाही. २५ जुलैच्या लेखी आदेशात हिरोशिमा, कोकुरा, नीगाता आणि नागासाकी अशी चार नावं होती आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकावेत असं सांगितलं होतं. दुसरा बॉम्ब ११ ऑगस्टला टाकायचा होता. हवामान बिघडण्याचा अंदाज आला म्हणून तो दोन दिवस अलीकडे आणला. पहिल्या स्फोटानंतर जपान सरकार काय विचार करतं आहे हे समजून घ्यायलाही कोणी थांबलं नाही. नागासाकीची सत्तर हजार माणसं आकाश स्वच्छ असण्या-नसण्यावर मेली. पहिल्या बॉम्बचं समर्थन करणाऱ्या कितीतरी लोकांना दुसऱ्याचं समर्थन करताना शब्द सापडत नाहीत, ते यामुळेच.

इतिहासकारांचा हा वाद कधी मिटेल असं मला वाटत नाही. मात्र माफीचा प्रश्न तो मिटेपर्यंत थांबवून ठेवण्याचं कारण नाही, आणि या प्रस्तावनेत मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. बॉम्बनं युद्ध लवकर संपलं, असं क्षणभर धरून चालू. तरीही प्रश्न उरतो तो असा, की शत्रूच्या सरकारला धक्का देण्यासाठी शहरभर माणसं, त्यांत लहान मुलं, जाणूनबुजून जाळता येतात का? हा हेतू लपलेला नव्हता. बॉम्बच्या वापराचा विचार करणाऱ्या अमेरिकी समितीच्या ३१ मे १९४५ च्या बैठकीत ठरलं, की लक्ष्य असं असावं जिथे युद्धसामग्रीचा मोठा कारखाना असेल आणि त्याभोवती कामगारांची घरं दाटीनं असतील; परिणाम मनावर व्हायला हवा. कामगारांची घरं चुकून सापडली नाहीत. ती लक्ष्याच्या वर्णनातच होती. आणि असं करू नये, हा दंडक अमेरिकेला परका नव्हता. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू झालं त्याच दिवशी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या सर्व देशांना आवाहन केलं होतं, की उघड्या शहरांतल्या नागरिकांवर विमानांतून बॉम्ब टाकू नका. माफीची मागणी अमेरिकेला याच मापानं मोजते.

बॉम्ब टाकला तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांना ते कळलं नव्हतं असंही नाही. १० ऑगस्टला त्यांनी हुकूम दिला, की यापुढे आपल्या स्पष्ट परवानगीशिवाय बॉम्ब टाकायचा नाही. त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांनी त्या दिवशीची मंत्रिमंडळाची बैठक आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली आहे. आणखी एक लाख माणसं पुसून टाकायची कल्पना अध्यक्षांना भयंकर वाटत होती आणि इतकी मुलं मारणं त्यांना नको होतं, असं त्या नोंदीत आहे. म्हणजे बंद दाराआड कबुली कधीच दिली गेली आहे. उघड्यावर ती द्यायची तेवढी राहिली आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून अमेरिकी विमानांनी सुमारे एक लाख माणसं जाळली. मग माफी एकट्या अणुबॉम्बची का? माझं उत्तर असं, की टोकियोचीही मागितली पाहिजे. एका अन्यायाकडे बोट दाखवून दुसरा लहान होत नाही. तरीही अणुबॉम्ब वेगळा आहे, कारण तो युद्ध संपल्यावरही मारत राहिला. अंगावर ओरखडा नसलेली माणसं काही आठवड्यांनी केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन मेली. काही वर्षांनी मुलांना रक्ताचा कर्करोग होऊ लागला. ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनानं बॉम्बच्या परिणामांविषयी लिहिण्यावर निर्बंध घातले, त्यामुळे जपानी डॉक्टरांना एकमेकांचे अनुभवही मोकळेपणानं छापता येईनात. १९४७ पासून अमेरिकेच्या आयोगानं पीडितांची तपासणी सुरू केली. गाडी घरापर्यंत यायची, रक्त काढलं जायचं, अंग मोजलं जायचं, छायाचित्रं घेतली जायची. औषधोपचार मात्र त्या आयोगाच्या कामात बसत नव्हता. या वागणुकीला ओकिनावाचं किंवा क्युशूचं समर्थन लागू पडत नाही. तोवर युद्ध संपून दोन वर्षं झाली होती.

आता जपानच्या स्वतःच्या हिशेबाकडे येऊ. मराठी वाचकाला तो परका नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांची सेवा करायला, आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. त्याआधी १९३७ मध्ये नानकिंगमध्ये जपानी सैन्यानं केलेली कत्तल जगाला माहीत आहे. अंदमान १९४२ ते १९४५ जपान्यांच्या ताब्यात होतं. ३० जानेवारी १९४४ रोजी तिथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. कोरियन आणि चिनी स्त्रियांवर जपानी छावण्यांत जे लादलं गेलं त्याची भरपाई आणि माफी यांचं भांडण अजून संपलेलं नाही. अशा देशाची माफी का मागायची, असा सवाल बेइजिंगमध्ये आणि सोलमध्ये विचारला जातो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही.

दुकानाच्या वहीत एकाचं देणं दुसऱ्याच्या येण्यातून वळतं करता येतं. माणसांच्या मरणाचा हिशेब तसा होत नाही. नानकिंगची माफी जपाननं चिनी माणसांची मागायची आहे. ती मागितली नाही म्हणून हिरोशिमातल्या सातवीतल्या मुलाचं मरण वसुलीत धरता येत नाही. आणि त्या दिवशी मेलेल्या कोरियन मजुराचं काय? जपाननं त्याचा देश घेतला, त्याला आणलं, आणि अमेरिकेनं त्याला मारलं. त्याच्यासारख्यांचं स्मारक १९७० मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानाबाहेर उभं राहिलं आणि आत यायला १९९९ उजाडलं. म्हणून मी म्हणतो, माफी जपान नावाच्या राज्याची मागायची नाही. ती त्या दोन शहरांत सापडलेल्या माणसांची आणि त्यांच्या वारसांची मागायची, मग ती जपानी असोत, कोरियन असोत की अमेरिकेच्याच सैन्यातले ते बारा कैदी असोत.

हा विचार त्या शहरांतच आधी रुजला, याची नोंद घेतली पाहिजे. नागासाकीचे महापौर हितोशी मोतोशिमा यांनी डिसेंबर १९८८ मध्ये सम्राटाकडेही युद्धाची जबाबदारी जाते असं जाहीरपणे सांगितलं. १९९० च्या जानेवारीत एका माथेफिरू राष्ट्रवाद्यानं त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले आणि आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. हिरोशिमाचे महापौर ताकाशी हिराओका यांनी १९९१ च्या ६ ऑगस्टच्या घोषणापत्रात जपाननं आशियातल्या लोकांना दिलेल्या यातनांबद्दल खेद व्यक्त केला. दुसऱ्याकडून माफीची अपेक्षा ठेवणाऱ्यानं आधी काय करावं, हे या दोघांनी दाखवून दिलं.

राष्ट्रं माफी मागत नसतात, असं ठासून सांगणाऱ्यांसाठी या संग्रहात एक वेगळा विभाग आहे. महायुद्धात आपल्याच जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० रहिवाशांना छावण्यांत कोंडल्याबद्दल अमेरिकेनं १९८८ मध्ये कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. हवाईचं राज्य उलथवल्याबद्दल १९९३ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. ३७६ भारतीय प्रवासी घेऊन आलेलं कोमागाता मारू जहाज १९१४ मध्ये परत लावल्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी १८ मे २०१६ रोजी संसदेत माफी मागितली. ओबामा हिरोशिमाला पोचले ते त्यानंतर नऊ दिवसांनी. उलट जालियनवाला बागेच्या शताब्दीला, २०१९ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधानांनी खेद व्यक्त केला आणि माफी टाळली. ती टाळणं अमृतसरला किती लागलं हे आपल्याला सांगावं लागत नाही. हिरोशिमाच्या माणसाला काय वाटत असेल हे समजायला भारतीय वाचकाला म्हणूनच फार लांब जावं लागणार नाही.

या विभागातला सगळ्यात बोलका कागद १९९० चा आहे. नेवाडाच्या वाळवंटात उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांची धूळ ज्या अमेरिकी गावांवर गेली तिथली आजारी माणसं, आणि युरेनियमच्या खाणींत राबलेले कामगार, ज्यांत नावाहो आदिवासी पुष्कळ होते, यांना भरपाई देणारा कायदा अमेरिकी संसदेनं त्या वर्षी केला. त्या कायद्याच्या मजकुरातच राष्ट्राच्या वतीनं क्षमा मागितलेली आहे. त्यावर सही आहे थोरल्या बुश यांची. म्हणजे अणुस्फोटानं माणसांचं जे होतं त्याबद्दल माफी मागता येते हे अमेरिकेनं मान्य केलेलं आहे, आणि पुढच्याच वर्षी त्याच अध्यक्षांनी हिरोशिमाबद्दल नकार दिला. फरक एवढाच, की नेवाडाच्या वाऱ्याखालचे लोक मतदार होते.

मग अडतं कुठे? पैशावर अडत नाही. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपाननं आपल्या नागरिकांच्या वतीनं सगळे दावे सोडून दिले आहेत. टोकियो जिल्हा न्यायालयानं ७ डिसेंबर १९६३ रोजी शिमोदा खटल्यात निकाल दिला, की हे दोन्ही बॉम्बहल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करणारे होते. पण त्या तहामुळे पीडितांना भरपाई मागता येत नाही. तेव्हा माफी मागितली तरी तिजोरीला धोका नाही. अडतं ते पुढच्या वापरावर. जे कृत्य चूक होतं असं राष्ट्रानं जगापुढे सांगितलं, ते पुन्हा करण्याची धमकी त्याला देता येत नाही, आणि अण्वस्त्रांचं सगळं धोरण त्या धमकीवर उभं आहे. अमेरिकेनं प्रथम वापर करणार नाही असं वचन आजवर दिलेलं नाही.

याच कारणानं जपान सरकारलाही माफी नको आहे. अमेरिकी अण्वस्त्रांच्या छत्राखाली ते सुरक्षितता शोधतं. ओबामांनी माफी मागायला हिरोशिमाला येण्याची कल्पना २००९ मध्ये जपानी परराष्ट्र खात्याच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यानंच अमेरिकी राजदूतापाशी मोडीत काढली होती, हे उघड झालेल्या तारेवरून जगाला कळलं. २००७ मध्ये संरक्षणमंत्री फुमिओ क्युमा, जे स्वतः नागासाकी प्रांतातले, म्हणाले की बॉम्ब पडणं अटळ होतं; लोक इतके संतापले की चार दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. दोन्ही सरकारं गप्प राहण्यावर एकमतानं ठाम आहेत आणि मधल्या मध्ये पीडित माणसं म्हातारी होऊन चालली आहेत.

त्यांचं म्हणणं काय, हे शेवटी त्यांच्याच जबान्यांतून वाचावं. सगळे एका सुरात बोलत नाहीत. काहींना माफी नको, अण्वस्त्रं गेलेली हवीत. काहींना दोन्ही हवं. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या निहोन हिदान्क्यो या त्यांच्या संघटनेनं १९८४ च्या आपल्या मूलभूत मागण्यांत अमेरिकेनं गुन्हा मान्य करून क्षमा मागावी असं म्हटलं होतं, आणि त्याच बरोबर युद्ध करणाऱ्या जपान सरकारनं भरपाई द्यावी असंही. २०२४ चा शांततेचा नोबेल स्वीकारताना तेरुमी तानाका यांनी, मृतांसाठी जपान सरकारनं कधीच भरपाई दिलेली नाही, हे वाक्य मुद्दाम दोनदा सांगितलं. या मागणीत सूडाचा लवलेश नाही. त्यांना हवी आहे ती कबुली, आणि त्या कबुलीतून येणारं बंधन. २०२५ मध्ये नोंदणीकृत पीडितांची संख्या एक लाखाच्या खाली आली. तेव्हा त्यांचं सरासरी वय ८६ वर्षं होतं. माफी ज्यांची मागायची ती माणसं फार दिवस थांबू शकणार नाहीत.

या विषयात भारताचं नाव येतं ते न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांच्यामुळे. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणावर त्यांनी १९४८ मध्ये भिन्न मताचं निकालपत्र दिलं आणि विचारलं, की नागरिकांच्या सरसकट संहाराचा हुकूम हा गुन्हा असेल, तर प्रशांत महासागरातल्या युद्धात तसा हुकूम अणुबॉम्बचाच दिसतो, त्याचं काय? विजेत्याच्या न्यायालयात बसून हे विचारायला धैर्य लागतं. पण पाल वाचताना सावध राहावं. त्यांच्या निकालपत्राचा आधार घेऊन नानकिंग नाकारणारे लोक जपानमध्ये आहेत. पाल यांचा प्रश्न घ्यावा. तो सोयीनं वापरणाऱ्यांचं उत्तर घेऊ नये.

आणि आपण स्वतः? बिकिनी बेटावर अमेरिकेनं १ मार्च १९५४ रोजी हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिच्या राखेनं एका मासेमारी बोटीवरचे २३ जपानी कोळी आजारी पडले, एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. त्या चाचणीनंतर महिन्याभरानं, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत उभं राहून चाचण्या थांबवा अशी मागणी केली. ६ ऑगस्टला आपली संसद हिरोशिमाच्या मृतांना श्रद्धांजली वाहत आली आहे. त्याच देशानं १९७४ मध्ये आणि १९९८ मध्ये अणुस्फोट केले, आणि १९९८ च्या मे महिन्यात रस्त्यांवर पेढे वाटले गेले. आपण प्रथम वापर करणार नाही असं वचन दिलं आहे, ही जमेची बाजू. पण त्याच धोरणात, आपल्यावर वापर झाला तर शत्रूला न सोसणारं नुकसान करू, असंही लिहिलेलं आहे. ते नुकसान कोणाचं होणार, याचं उत्तर हिरोशिमाच्या शाळकरी मुलांनी देऊन ठेवलं आहे. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत केला. त्यात अमेरिका नाही, जपान नाही आणि भारतही नाही.

म्हणून हे पुस्तक वाचताना वाचकानं आपल्या मनाला एक अट घालून घ्यावी अशी माझी विनंती आहे. अमेरिकेनं माफी मागावी असं वाटलं, तर ज्या तत्त्वावर ती मागावीशी वाटते, तेच तत्त्व आपल्या देशाच्या अण्वस्त्रांनाही लावून पाहावं. आणि मागू नये असं वाटलं, तर उद्या आपल्या शहरावर तोच प्रकार करणाऱ्याला आपण काय म्हणणार आहोत, याचं उत्तर आधी तयार ठेवावं. माझं उत्तर मी दिलं आहे. कोणत्याही युद्धात, कोणत्याही कारणासाठी, शहरातल्या नि:शस्त्र माणसांवर अण्वस्त्र टाकणं हा गुन्हा आहे. ज्यानं तो केला त्यानं तो कबूल करावा, पीडितांची क्षमा मागावी आणि पुन्हा करणार नाही अशी लेखी हमी द्यावी. ही मागणी अमेरिकेकडे करण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच पोचतो, जेव्हा आपण ती दिल्लीकडेही करतो. वाचकांनी दोन्ही कराव्यात.